तो शनिवारी येतो : सोलापूरच्या नागरी सहकारी बँकांच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व संचालक,
नागरी सहकारी बँका, सोलापूर जिल्हा



११ ऑगस्ट २०१८. महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास २८ देशांतल्या एटीएमसमोर माणसे उभी राहिली, कार्डे सरकवली आणि रात्री दहापर्यंत पैसे काढत राहिली. पैसे पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे होते. परदेशातल्या सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये गेले, भारतातल्या २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी. मधला रविवार गेला. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका व्यापारी कंपनीच्या खात्यावर पोचले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. १९०६ साली स्थापन झालेल्या, महाराष्ट्राच्या सहकारात मानाचे स्थान असलेल्या बँकेची ही गत झाली.

पुढे तपास झाला. सीसीटीव्हीच्या चित्रणावरून कोल्हापूर आणि इतर शहरांत कार्डे चालवणारे लोक सापडले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. पोलिसांनी काम चोख केले, यात शंका नाही. पण हे ११ जण यंत्रासमोर उभे राहणारे होते. यंत्राला पैसे सोडायला कोणी लावले, हा प्रश्न त्या निकालाच्या पलीकडचा होता.

त्याचे उत्तर तुकड्यातुकड्यांनी आले. मार्च २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे उत्तर कोरियावरील निर्बंधांचा अहवाल आला. त्यात कॉसमॉसचे नाव होते आणि बोट उत्तर कोरियाकडे होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने उत्तर कोरियाच्या लष्करी गुप्तचर खात्यातल्या तिघा प्रोग्रॅमरांवरचे आरोपपत्र खुले केले. बँका आणि कंपन्यांकडून १३० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळण्याचा किंवा लुटण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप त्यात आहे. त्याच वेळी कॅनडातल्या एका इसमाचा कबुलीजबाबही बाहेर आला. या लोकांसाठी एटीएममधून काढलेला पैसा फिरवून देण्याची व्यवस्था तो करत होता, आणि त्या कामांत २०१८ साली भारतातल्या एका बँकेतून काढलेल्या पैशांचाही समावेश होता. त्याला ११ वर्षांहून अधिक शिक्षा झाली.

पुण्यापासून चार-पाच तासांच्या वाटेवर राहणाऱ्या आपल्याला, संचालक महाशय, एकच गोष्ट विचारण्यासाठी हे पत्र आहे. सायबर सुरक्षा म्हटले की संचालक मंडळात चर्चा रंगते ती खरेदीची. कोणती फायरवॉल, किती दर, वार्षिक देखभालीचा करार कोणाशी. या सगळ्या वस्तू लागतातच. पण येणारा कोण आहे, त्याला हवे काय, त्याच्या हातात वेळ किती आणि आपल्याविषयी त्याला काय काय माहीत आहे, हे इतिवृत्तात कधी नोंदले गेले आहे का? कर्ज देताना आपण अर्जदाराची सात पिढ्यांची चौकशी करता. चोराची मात्र काहीच करत नाही.

वर्तमानपत्रांनी हॅकरचे एक चित्र पक्के करून ठेवले आहे. अंधारी खोली, डोक्यावर टोपी ओढलेला विशीतला पोरगा, हिरव्या अक्षरांचा पडदा. कॉसमॉसच्या लुटीचा ज्यांच्यावर आरोप आहे ते या चित्रात बसत नाहीत. ते पगारी नोकर आहेत. त्यांच्या देशावर निर्बंध आहेत, परकीय चलन मिळण्याच्या वाटा बंद आहेत, आणि म्हणून बँका लुटणे हे तिथे सरकारी खात्याचे काम आहे. अशा चोऱ्यांतून उत्तर कोरियाने शस्त्रास्त्रांच्या कार्यक्रमासाठी २०० कोटी डॉलरपर्यंत रक्कम उभी केल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये मांडला. विशीतला पोरगा दोन रात्री प्रयत्न करून कंटाळतो आणि दुसरीकडे वळतो. पगारी माणूस कंटाळत नाही. फायरआय या सुरक्षा कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये या गटाचा अभ्यास प्रसिद्ध केला. बळी पडलेल्या संस्थेच्या जाळ्यात हा गट सरासरी १५५ दिवस मुक्काम करतो, एका ठिकाणी तर जवळजवळ दोन वर्षे राहिला, असे त्यात दिसते.

पाच महिने तो आत बसून काय करतो? आपले काम शिकतो. कोण कोणाला ईमेल पाठवतो, मंजुरी कोणाची लागते, दिवसअखेरीचे अहवाल किती वाजता निघतात, रजेवर कोण आहे.

कॉसमॉसमध्ये झाले काय, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. ग्राहक एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र, मधल्या कार्ड जाळ्यामार्फत, बँकेच्या स्विचला विचारते. स्विच कोअर बँकिंगला विचारतो की या खात्यात एवढी शिल्लक आहे का. होकार परतीच्या वाटेने येतो आणि नोटा बाहेर पडतात. हल्लेखोरांनी या वाटेवर स्वतःचा बनावट स्विच बसवला. कार्ड जाळ्याकडून आलेला प्रश्न कोअर बँकिंगपर्यंत पोचलाच नाही; बनावट स्विचनेच प्रत्येक वेळी ‘मंजूर’ असे उत्तर दिले. तिजोरीला हात न लावता तिजोरीकडे निघालेल्या निरोप्यालाच वाटेत गाठावे, तसा हा प्रकार. म्हणून कोअर बँकिंग शाबूत राहिले, ग्राहकांच्या खात्यांतून एक रुपयाही वजा झाला नाही आणि तरीही बँकेचे ८० कोटी गेले. कोअर बँकिंगभोवती कितीही भिंती असत्या तरी त्यांचा उपयोग नव्हता, कारण येणाऱ्याला तिकडे जायचेच नव्हते.

ही युक्ती पुण्यात पहिल्यांदा वापरली गेली, असेही नाही. अमेरिकेच्या यंत्रणांनी २ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘फास्टकॅश’ नावाने इशारा दिला. त्यानुसार २०१७ मध्ये ३० हून अधिक देशांतल्या एटीएममधून एकाच वेळी पैसे काढले गेले होते, आणि २०१८ मध्ये तोच प्रकार २३ देशांत झाला होता. त्या इशाऱ्यातली दोन वाक्ये प्रत्येक संचालकाने वाचायला हवीत. ज्या स्विच सर्व्हरमध्ये शिरकाव झाला, ते सगळे एआयएक्स या कार्यप्रणालीच्या अशा आवृत्तीवर चालत होते, जिला ती बनवणाऱ्या कंपनीचा आधार केव्हाच संपला होता. आणि पैसे काढण्यासाठी वापरलेल्या बहुतेक खात्यांत उलाढाल जवळजवळ नव्हती किंवा शिल्लक शून्य होती. रिकाम्या खात्यातून दिवसभरात लाखो रुपये निघत आहेत, हे पाहायला कोणी माणूस जागेवर नव्हता. शनिवार होता ना.

याहून बोचणारी गोष्ट म्हणजे १० ऑगस्टला, शुक्रवारी, अमेरिकेच्या एफबीआयने तिथल्या बँकांना गोपनीय इशारा दिला होता. येत्या काही दिवसांत जगभरातून एटीएम उपसण्याचा मोठा बेत आहे, असे उद्योग बँका बंद झाल्यावर, शनिवार-रविवारी होतात, असे त्यात म्हटले होते. दुसऱ्या दिवशी पुणे.

सुट्ट्यांचे वेळापत्रक या लोकांना तोंडपाठ असते. फेब्रुवारी २०१६ मध्ये ढाक्याच्या बांगलादेश बँकेवर हल्ला झाला तो गुरुवारी रात्री. शुक्रवारी ढाक्यात सुट्टी, शनिवार-रविवारी न्यूयॉर्कमध्ये सुट्टी, सोमवारी चिनी नववर्षामुळे मनिलात सुट्टी. तीन देशांच्या सुट्ट्या ओळीने लावून त्यांनी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये उतरवले. मागणी ९५ कोटींची होती. मनिलातली खाती मे २०१५ मध्येच, प्रत्येकी ५०० डॉलर भरून उघडून ठेवली होती आणि नऊ महिने त्यांत काहीही हालचाल नव्हती. ढाक्यात शिरण्याची वाटही साधी होती. नोकरीसाठी अर्ज करतो आहे, सोबत बायोडाटा जोडला आहे, असा नम्र ईमेल. आपल्या बँकेत लिपिकाची एक जागा निघाली की किती बायोडाटे येतात ते आपल्याला ठाऊकच आहे. सभासदाच्या शिफारशीचा फोन वेगळाच.

सोलापूरचे कॅलेंडर त्यांना कठीण जाणार आहे का? संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत सारे गाव गड्ड्यावर असते, हे गूगलला विचारले तरी कळते.

आता एक बरी बातमी, तीही मुंबईची. जुलै २०१६ मध्ये युनियन बँक ऑफ इंडियाच्या परदेशी खात्यातून अशाच पद्धतीने १७ कोटी १० लाख डॉलर निघाले. सुरुवात एका कर्मचाऱ्याने ईमेलची जोडफाईल उघडल्याने झाली होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी रोजचा ताळमेळ घालताना फरक दिसला, फोन सुरू झाले, रक्कम वाटेतच अडवली गेली आणि परत मिळाली. चोर त्याच जातकुळीचा, रक्कम कॉसमॉसच्या कित्येक पट. वाचवले ते रोजचे जमाखर्च जुळवून पाहणाऱ्या माणसाने. सोलापूरच्या जुन्या बँकांत रोजकीर्द जुळल्याशिवाय घरी न जाणारे शाखाधिकारी होते. त्यांची सवय नव्या यंत्रांच्या भपक्यात निकालात निघाली असेल तर ती परत आणणे कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा स्वस्त पडेल.

यावर हमखास येणारा युक्तिवाद असा की आमची बँक ती केवढी! ठेवीदार म्हणजे चाटी गल्लीतले कापडवाले, पूर्व भागातले यंत्रमागवाले, विडी वळणाऱ्या बायका. उत्तर कोरियाला आमचे काय?

कदाचित काहीच नाही. पण अंगावर येणारा प्रत्येक जण आपला पत्ता शोधतच येतो असे नाही. ३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे, बहुतेक सहकारी आणि ग्रामीण, यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले. या बँकांपैकी एकीवरही हल्ला झाला नव्हता. त्यांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि लागण पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला जाळ्यातून तोडले. दुसऱ्या दिवशी सेवा सुरळीत झाली, पण तोवर तीनशे बँकांचे ग्राहक रांगेत खोळंबले होते. हल्लेखोराला त्या बँकांची नावेही माहीत असण्याचे कारण नव्हते. आपल्या कोअर बँकिंगच्या पुरवठादाराकडे किती जणांना आपल्या सर्व्हरमध्ये दुरून शिरता येते? त्याचा पुरवठादार कोण?

याहून अनोळखी शत्रू २७ जून २०१७ ला आला होता. सोलापूरचे टॉवेल परदेशी निघतात ते मुख्यतः न्हावाशेव्याच्या बंदरातून. त्या दिवशी तिथले मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचे गेटवे टर्मिनल ठप्प झाले. कारण होते ‘नॉटपेट्या’ नावाचे घातक सॉफ्टवेअर. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतून ते सोडण्यात आले होते, आणि अमेरिका व ब्रिटनने त्याचे खापर रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्यावर फोडले. भांडण रशिया-युक्रेनचे, कंटेनर अडकले उरणला. मर्स्कला स्वतःच्याच हिशेबाने २५ ते ३० कोटी डॉलरचा फटका बसला. त्यातली मेख अशी की पडद्यावर खंडणीची मागणी झळकत होती, पण पैसे भरले तरी फायली उघडण्याची सोयच ठेवलेली नव्हती. पाठवणाऱ्याला पैसा नको होता. नासधूस हवी होती. अशा वेळी ‘खंडणी द्यावी की नाही’ यावर संचालक मंडळाने दोन तास खल केला असता तर ते दोन तास वाया गेले असते. समोरच्याला काय हवे आहे हे ओळखण्याचा व्यवहारी उपयोग असा असतो.

उलटही घडते. मे २०१८ मध्ये चिलीतल्या बँको दे चिलेची सुमारे नऊ हजार संगणकयंत्रे अचानक निकामी झाली. कर्मचारी यंत्रे सावरण्यात गुंतले असताना स्विफ्टमधून एक कोटी डॉलर निघून गेले. तिथे नासधूस हा देखावा होता आणि पैसा हे काम.

सोलापूरच्या वाट्याला या विषयाचा आणखी एक धागा येतो, तो थोडा बँकेबाहेरचा. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताची वीज उर्वरित देशाच्या जाळ्याशी जोडली गेली. देशाचे एक जाळे झाले ते सोलापूरच्या सांध्यावर. फेब्रुवारी २०२१ मध्ये रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीने दावा केला की चीनशी संबंधित एका गटाने भारताच्या पाचपैकी चार प्रादेशिक भारप्रेषण केंद्रांना लक्ष्य केले होते. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली त्याचा या गटाशी संबंध आहे का, यावरून राज्य सरकारने घातपाताचा संशय घेतला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटले. वाद मिटलेला नाही, आणि तो मिटवणे या पत्राचे काम नाही. पण ज्याला आज काहीच करायचे नसते, केवळ आत येऊन बसायचे असते, असाही शत्रू असतो. त्याच्यासाठी मुदत एका शनिवारची नसते, पुढच्या संघर्षाची असते. जनित्राचे डिझेल किती तास पुरते एवढे तरी बँकेला माहीत असावे.

परत बँकेत येऊ, काउंटरवर. परदेशातला चोर कितीही हुशार असो, नोटा हातात घ्यायला त्याला इथला माणूस लागतो. कोल्हापुरात कार्डे सरकवणारे हात मराठी मुलखातच उभे होते. आता या इथल्या माणसाचे रूप पालटले आहे. डिजिटल अरेस्टची धमकी देऊन निवृत्त शिक्षकाकडून काढलेली रक्कम आधी कुठल्या तरी भाड्याच्या खात्यात जाते, तिथून मिनिटांत आणखी दहा खात्यांत. ते भाड्याचे खाते कोणत्या तरी शाखेत, कोणाच्या तरी ओळखीवर, रीतसर केवायसी होऊन उघडलेले असते. दोन-चार हजारांसाठी पासबुक आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हाती देणारा तरुण हा त्या साखळीतला सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात दुबळा शत्रू. खरे तर त्याला शत्रू म्हणतानाही जीभ अडखळते. सोलापूरच्या बँकांइतके त्याला ओळखणारे दुसरे कोणी नाही, कारण त्याचे वडील त्याच बँकेचे सभासद असण्याची शक्यता आहे. (फसवणुकीची तक्रार करायचा राष्ट्रीय क्रमांक १९३० आहे. १९३० साली मार्शल लॉ सोसलेल्या या गावाला तो वेगळा पाठ करायला नको.)

रिझर्व्ह बँकेने आपले काम पुष्कळ सोपे केले आहे. कॉसमॉसनंतर दोनच महिन्यांत, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, नागरी सहकारी बँकांसाठी किमान सायबर सुरक्षेची चौकट आली. ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने बँकांच्या चार पातळ्या केल्या. स्वतःचा एटीएम स्विच किंवा स्विफ्टची जोडणी असलेल्यांवर जास्त जबाबदाऱ्या. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेला कळवणे बंधनकारक आहे, नोंदी १८० दिवस जपणेही. पण परिपत्रक म्हणजे खूणगाठींचा तक्ता, आणि तक्ता भरून घेणे हे लेखापरीक्षकाला पुरते. चोर तक्ता वाचत नाही. किंवा वाचतो आणि जे त्यात नाही ते शोधतो. १८० दिवसांच्या नोंदी आणि १५५ दिवसांचा सरासरी मुक्काम हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पंचवीस दिवसांची मोकळीक उरते, आणि तीही सरासरीची.

म्हणून विनंती अशी. पुढच्या एखाद्या बैठकीत एक तास खरेदीचा विषय बाजूला ठेवावा आणि आपल्याच दोन अधिकाऱ्यांना चोराच्या खुर्चीत बसवावे. त्यांनी सांगावे की ही बँक लुटायची तर ते कोणत्या वाटेने येतील, कोणता दिवस निवडतील, कोणाला ईमेल पाठवतील, पैसे कुठून बाहेर काढतील. हल्लेखोरांच्या पद्धतींची मायटर या अमेरिकी संस्थेने केलेली सविस्तर जंत्री इंटरनेटवर फुकट आहे. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी ती आनंदाने समजावून सांगतील, त्यांना बोलवावे. मग त्या वाटेवर काय आहे ते तपासावे. आधार संपलेली कार्यप्रणाली कोणत्या सर्व्हरवर आहे. स्विचने दिलेली मंजुरी आणि कोअर बँकिंगमधली नोंद यांचा मेळ किती वेळाने घातला जातो, आणि सुट्टीच्या दिवशी तो कोण घालतो. एकाच कार्डावरून परदेशात दिवसाला किती रक्कम निघू शकते. शनिवारी दुपारी तीन वाजता कार्ड जाळे तोडण्याचा अधिकार कोणाला आहे, की त्यासाठी आधी अध्यक्षांचा फोन लागावा लागतो आणि अध्यक्ष लग्नात असतात.

यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात फायरवॉलच्या खर्चाचा आकडा येईलच. त्याच्या शेजारी दोन ओळींची जागा ठेवावी. असा सराव वर्षात झाला का, कोणत्या तारखेला झाला, आणि सुट्टीच्या दिवशी यंत्रणेवर नजर ठेवणारा माणूस नेमला आहे का. तपशील छापू नयेत, ते चोरही वाचेल. हो किंवा नाही, एवढे उत्तर सभासदांना छापील मिळावे.

कळावे,

आपल्याच एका बँकेचा ठेवीदार,
सोलापूर